अणूची राख कोणीं राखावी?

चुलींतील राखेचें काय करावें हें आमच्या साखऱ्यांतील कोणत्याहि गृहिणीस शिकवावें लागत नाहीं. थोडी भांडीं घांसण्यास ठेवावी, थोडी धान्यास चोळावी, उरलेली उकिरड्यावर टाकावी, आणि पावसाळ्यापूर्वीं तीच खताबरोबर गाडींत भरून शेतांत पसरावी, असा तिचा क्रम ठरलेला आहे. परळी वैजनाथ येथील औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा प्रश्न ह्याहून बराच मोठा. कारण ती लाखों टन निघते, तळ्यांत साठवावी लागते, आणि वारा सुटला म्हणजे आसपासच्या गांवांवर उडते. तरी पण तिच्या विटा होतात, ती सिमेंटांत मिसळतात. तिसरी एक राख मात्र अशी आहे कीं ती वजनानें फार थोडी, तिची बाधा डोळ्यांस न दिसणारी, आणि तिची राखण करण्यास एका मनुष्याचें आयुष्य पुरत नाहीं. ती म्हणजे अणुभट्टींत कामास येऊन उरलेल्या इंधनाची राख. तिजविषयीं आम्ही आज चार शब्द लिहीत आहों.

हिंगोली जिल्ह्याचा आणि अणूचा संबंध काय, असें कोणी विचारील. औंढा नागनाथाजवळ ‘लायगो’ नांवाची वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिच्यासाठीं केंद्र सरकारनें २०२३ सालीं सुमारें २६०० कोटि रुपये मंजूर केले, आणि त्या कामांत अणुऊर्जा खात्याचा मोठा वांटा आहे. खात्याचें नांव ऐकून कोणी दचकूं नये. तेथें चार चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लेसरचा प्रकाश धांवणार आणि आकाशांत फार दूर झालेल्या टकरींनीं उठलेल्या लहरी मोजल्या जाणार. अणुभट्टीचा तेथें कांहीं संबंध नाहीं. परंतु त्याच खात्याचा दुसरा मोठा संसार पालघर जिल्ह्यांत समुद्रकांठीं तारापूर येथें आहे, आणि आमची राख तेथें आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें बांधून दिल्या, व २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज विकली जाऊं लागली. पुढें २००५ व २००६ सालीं आणखी दोन भट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या, सुरू झाल्या. त्यांच्यासाठीं पोफरण व अक्करपट्टी ह्या गांवांच्या लोकांना आपली घरें सोडावीं लागलीं. भट्ट्या चालविणारी न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन ही १९८७ सालीं स्थापन झालेली सरकारी कंपनी आहे. परंतु वापरलेल्या इंधनावरील पुढील प्रक्रिया, व तींतून उरणाऱ्या तीव्र कचऱ्याचा सांभाळ, भाभा अणुसंशोधन केंद्राकडे असतो. वीज विकणारा एक आणि राख राखणारा दुसरा, अशी ही वांटणी आहे. ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिचें काम पडणार आहे.

भट्टींतून काढलेलें इंधन इतकें तप्त आणि इतकीं तीव्र किरणें फेंकणारें असतें कीं उघड्यावर त्याच्याजवळ जाणें म्हणजे मरण. म्हणून तें प्रथम खोल हौदांत, कित्येक मीटर पाण्याखालीं, कांहीं वर्षें ठेवितात. पाणी दोन कामें करतें: उष्णता वाहून नेतें आणि किरणें अडवितें. हौदाच्या कांठीं उभा राहून मनुष्य खालीं पाहूं शकतो, इतकें तें साधें पण भरंवशाचें पांघरूण आहे. इंधन निवल्यावर, आपल्या देशाचें धोरण असें आहे कीं, तें नत्राम्लांत विरघळवून त्यांतून उपयोगीं पडणारें युरेनियम व प्लुटोनियम वेगळें काढावें. जें द्रव मागें राहतें त्यांत सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे मूलद्रव्यें असतात, आणि खरी राख ती हीच. ती आरंभीं पोलादी टांक्यांत ठेवितात. पण टांकी म्हटली कीं आज ना उद्यां ती पाझरणार; द्रवाचा स्वभावच वाट शोधण्याचा. म्हणून त्याचा घट्ट गोळा करणें भाग पडतें, आणि त्यासाठीं माणसानें जी वस्तु निवडली ती हजारों वर्षांच्या ओळखीची आहे. ती म्हणजे कांच.

ह्या कांचेविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण पुष्कळांची अशी समजूत दिसते कीं कचरा कांचेच्या बरणींत भरून ठेवितात. तसें नव्हे. कासाराच्या हिरव्या बांगडीचा रंग धुतल्यानें जात नाहीं, कारण तो वरून लाविलेला नसतो. तो कांचेच्या अंगांतच मुरलेला असतो. बांगडी फुटली तरी प्रत्येक तुकडा हिरवाच. त्याचप्रमाणें ही राख वाळू व टाकणखार ह्यांपासून होणाऱ्या एका विशेष कांचेंत, सुमारें हजार अंश उष्णतेवर, वितळवून मुरवितात. मग तो रस गंजरोधक पोलादाच्या डब्यांत ओतून थंड करितात व झांकण जोडून टाकतात. हें सारें काम जाड भिंतींच्या आड, यंत्रांच्या हातांनीं चालतें. तारापूर, ट्रॉम्बे व कल्पाक्कम येथें असे कारखाने आहेत. डबे पुढें तारापूरच्या एका बंदिस्त कोठारांत ठेवितात, आणि तें कोठार थंड कसें राहतें हें आम्हांस विशेष आवडलें. तेथें पंख्यावर भिस्त ठेविलेली नाहीं. डब्यांच्या उष्णतेनें हवा तापते, उंच धुराड्यांतून वर जाते, आणि तिच्या जागीं खालून थंड हवा आपोआप शिरते. वीज गेली तरी वारा चालूच राहतो.

ही झाली तीव्र राख. आकारानें पाहतां एकंदर किरणोत्सर्गी कचऱ्यांत ती सुमारें तीन टक्के. पण किरणोत्सर्गाचा सुमारें ९५ टक्के भाग तिच्यांतच असतो. उरलेला कचरा म्हणजे हातमोजे, कपडे, गाळण्या, हत्यारें व चिखल. तो सिमेंटांत घट्ट बसवून पिंपांत भरितात, आणि केंद्राच्या आवारांतच दगडी अथवा काँक्रीटच्या चरांत, किंवा खोल नळीसारख्या खड्ड्यांत पुरतात. भोंवतीं विंधणविहिरी पाडून त्यांचें पाणी वरचेवर तपासतात. ट्रॉम्बे येथें तर तीव्र राखेतूनच सीझियम वेगळें काढून त्याच्या कांचेच्या कांड्या केल्या आहेत, आणि रुग्णांस द्यावयाच्या रक्तावर किरणांची प्रक्रिया करण्याकडे त्यांचा उपयोग होतो. बारा वर्षांनीं उकिरड्याचाहि पांग फिटतो म्हणतात, तो हा असा.

एवढ्यावरून वाचकांस कळेल कीं कारागिरीविषयीं आमची तक्रार नाहीं. ‘अणु’ हा शब्द ऐकतांच जे कानांवर हात ठेवितात त्यांच्यांत आम्ही नाहीं; आणि ‘सर्व कांहीं सुरक्षित आहे’ एवढें एक वाक्य छापून जे गप्प बसतात त्यांच्यांतहि नाहीं. आमची शंका निराळी आहे. डबा टिकेल, पण डब्यांत काय आहे, तो कोणाचा आहे व त्याचें काय करावयाचें आहे, हें जाणणारा टिकेल काय?

तारापूरचाच एक अनुभव पाहावा. पहिल्या दोन भट्ट्यांस लागणारें इंधन अमेरिकेनें पुरवावें असा ३० वर्षांचा करार १९६३ सालीं झाला. १९७४ सालीं पोखरण येथें अणुस्फोट झाला, अमेरिकेनें पुढें आपले कायदे कडक केले, पुरवठा आटला, आणि १९८२ नंतर तें इंधन फ्रान्सकडून आणावें लागलें. वापरलेल्या अमेरिकन इंधनाचें काय? त्यावर पुनर्प्रक्रिया करण्याचा प्रश्न निघाला कीं दोन्ही सरकारांमध्यें कराराच्या अर्थावरून वाद. तें परत नेण्याचा प्रश्न निघाला कीं निकाल नाहीं. अखेरीस भट्टीजवळचे हौद अपुरे पडूं लागले, तेव्हां तारापुरांतच साठवणीचा वेगळा मोठा हौद बांधावा लागला. १९९३ सालीं कराराची मुदत संपली. करार संपला, पण इंधन संपलें नाहीं. कागदाचें आयुष्य ३० वर्षें आणि मालाचें आयुष्य त्याच्या कित्येक पट, ही विसंगति तेथें उघडी पडली. आणि तीं तर दोन मोठीं सरकारें होतीं.

मालाचें आयुष्य किती, तें विद्यार्थ्यांनीं स्वतः हिशेब करून पाहावें. सीझियम-१३७ ह्याचें अर्धायुष्य ३० वर्षें. म्हणजे दर ३० वर्षांनीं तें निम्में होतें. अशा दहा पायऱ्या उतरल्या म्हणजे ३०० वर्षांनीं सुमारें हजारावा हिस्सा उरतो. प्लुटोनियम-२३९ ची एकच पायरी सुमारें २४,१०० वर्षांची असते. त्याची गोष्ट येथें सोडून देऊं. ३०० वर्षांचाच विचार करूं. तितकेच मागें गेलों तर पुण्यास थोरले बाजीराव पेशवे होते. त्यांच्या कारकुनांनीं हिशेब उत्तम ठेविले होते ह्यांत शंका नाहीं. पेशवे दप्तराचे हजारों रुमाल पुण्यांत आजहि सुरक्षित आहेत. कागद आहे, शाई आहे, अक्षर सुंदर आहे. पण तें अक्षर मोडी आहे, आणि आज रस्त्यांत भेटणाऱ्या शंभर सुशिक्षितांपुढें तो कागद धरला तर बहुधा एकासहि तो वाचतां येणार नाहीं.

इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या अमदानींतील महसुली कागद पुष्कळसे उर्दूंत आहेत. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली गेली, तेव्हां तहसील कचेऱ्यांतील जुनीं बाडें बाहेर निघालीं, आणि मोडी व उर्दू वाचणारे कोठें मिळतील ह्याचा शोध सुरू झाला. अवघ्या ७५ वर्षांत ही स्थिति! जमिनीसारख्या वस्तूची, जिच्यावर प्रत्येक घराचें पोट अवलंबून, तिची नोंद जर नातवास वाचतां येत नाहीं, तर भिंतीआडच्या डब्यांची नोंद दहाव्या पिढीस वाचतां येईल ह्याची हमी कोण देतो?

नोंद हरवली म्हणजे काय होतें ह्याचे दाखले जगांत आहेत, आणि त्यांत कांचेचा किंवा पोलादाचा दोष कोठेंच नाहीं. जर्मनींत आसे नांवाची मिठाची जुनी खाण आहे. तिच्यांत १९६७ ते १९७८ पर्यंत सुमारें १,२६,००० पिंपें उतरविण्यांत आलीं. कांहीं तर नुसतीं यंत्रानें लोटून दिलीं. आतां खाणींत पाणी झिरपतें, आणि तीं परत वर काढावींत असा कायदा २०१३ सालीं करावा लागला. आंत प्लुटोनियम किती आहे ह्याचा आकडाहि मागाहून दुरुस्त करावा लागला. ब्राझील देशांतील गोइयानिया शहरीं एक खाजगी उपचारसंस्था १९८५ सालीं दुसरीकडे गेली व सीझियमचें जुनें यंत्र रिकाम्या इमारतींत टाकून गेली. १९८७ सालीं भंगार वेंचणाऱ्यांनीं तें फोडलें. अंधारांत निळें चमकणारें तें चूर्ण पाहून लोकांनीं कौतुकानें घरीं नेलें. चार जण मरण पावले, त्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती. २४९ जणांच्या अंगांस वा शरीरांत विष लागलें.

आणि आपल्याकडे? दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशाखेंत कोबाल्ट-६० चें एक यंत्र १९८५ पासून न वापरतां पडून होतें. तें आणविणारे निवृत्त झाले. मागून आलेल्यांना तें एक अडगळीचें अवजड लोखंड वाटलें. २०१० च्या फेब्रुवारींत त्याचा लिलांव झाला, मायापुरीच्या भंगारबाजारांत तें कापलें गेलें, आणि एप्रिलमध्यें एक मनुष्य मरण पावला व इतर कित्येक आजारी पडले. जेथें विज्ञानच शिकवितात त्या आवारांत हें घडलें! वापर संपलेलें असें साधन पुरवठादारास किंवा मान्यताप्राप्त कचराकेंद्रास परत करावें असा नियम आहे. पण ज्या वस्तूची आठवणच कोणास नाहीं ती परत कोण करणार?

दोन वर्षांनीं, २०१२ सालीं, भारताच्या महालेखापरीक्षकांनीं आपल्या अहवालांत नोंदविलें कीं देशांतील सर्व किरणोत्सर्गी साधनांची तपशीलवार यादी अणुऊर्जा नियामक मंडळापाशीं नाहीं. मंडळ १९८३ सालीं स्थापन झालेलें; म्हणजे यादीविना जवळजवळ ३० वर्षें गेलीं. त्यानंतर मंडळानें परवान्यांसाठीं संगणकावर ‘ई-लोरा’ ही व्यवस्था सुरू केली. (नांव ऐकून आमच्यासारख्या मराठवाड्याच्या माणसास वेरूळच आठवतें, आणि तेथील लेणीं हजार वर्षांवर टिकलीं आहेत, हें शुभचिन्हच समजूं.) सुधारणा झाली हें मान्य केलें पाहिजे. पण संगणकावरील नोंदहि त्या काळची मोडीच आहे. वीस वर्षांपूर्वींच्या चकतीवर साठविलेला मजकूर आज उघडून दाखविण्यास सांगा, म्हणजे आमचें म्हणणें पटेल.

आतां कंपन्यांकडे येऊं. २०२५ च्या डिसेंबरांत संसदेनें १९६२ चा अणुऊर्जा कायदा बाजूस सारून नवा कायदा केला. अणुवीज निर्माण करण्याचें दार त्यानें खाजगी कंपन्यांस उघडलें, नियामक मंडळास कायद्याचा आधार दिला, आणि वापरलेल्या इंधनाची व तीव्र कचऱ्याची व्यवस्था सरकारच्याच हातीं ठेविली. पुष्कळांस हें समाधानकारक वाटेल. आम्हांस तें अर्धेंच वाटतें. कंपनी वीज विकून चाळीस-पन्नास वर्षें नफा घेणार आणि ३०० वर्षांची राखण सरकारच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या नातवंडांच्या, माथीं मारणार, असें होतां कामा नये. वीज विकणारा एक व राख राखणारा दुसरा ही जुनी वांटणी दोघेहि सरकारी असतांना चालून गेली, कारण पैसा एकाच थैलींतला होता. थैल्या वेगळ्या झाल्या म्हणजे हिशेबहि आधींच वेगळा मांडला पाहिजे. भट्टी मोडण्याच्या खर्चासाठीं वीजग्राहकाकडून युनिटमागें २ पैसे घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पण भट्टी मोडणें निराळें आणि राख राखणें निराळें. फिनलंड देशानें राखणीचा पैसा कंपन्यांकडून वीज विकली जात असतांनाच सरकारी निधींत भरून घेतला. तेथील दोन वीजकंपन्यांनीं पोसिवा नांवाची तिसरी कंपनी काढून ४०० मीटरांहून अधिक खोल खडकांत कायमचें कोठार खोदलें, आणि २०२४ सालीं तेथें चांचणीचें काम सुरूहि केलें. आपल्या देशांत असें कायमचें कोठार अद्याप नाहीं. आमची राख वाट पाहात आहे. तोंवर एवढें तरी व्हावें कीं ज्या कंपनीस भट्टीचा परवाना मिळेल तिनें राखणीचा पैसा वर्षाचे वर्षीं वेगळ्या निधींत भरावा, आणि कंपनी बुडाली, विकली गेली किंवा नांव बदलून बसली तरी त्या निधीस कोणाचा हात लागूं नये.

दुसरी मागणी वहीची आहे. कोणत्या कोठारांत कोणत्या सालचे किती डबे आहेत, कोणत्या चरांत काय पुरलें आहे, विहिरींच्या पाण्याची शेवटची तपासणी केव्हां झाली व तींत काय निघालें, हें सर्व दरवर्षीं साध्या मराठींत छापावें. एक प्रत तालुक्याच्या कचेरींत, एक जवळच्या हायस्कुलांत, आणि एक, तारापुरापुरतें बोलावयाचें तर, पोफरण व अक्करपट्टीच्या ज्या लोकांनीं जागा दिली त्यांच्या नव्या वसाहतींत असावी. टिकाऊ कागदावर छापावी. आणि दर पंचवीस वर्षांनीं त्या वेळच्या भाषेंत व लिपींत ती नव्यानें उतरवून काढण्याचें काम कायद्यानें कोणाकडे तरी नेमून द्यावें. अधिकारी म्हणतील कीं असें छापल्यानें चोरांस वाट सांपडेल. कुलपाची किल्ली छापा असें आम्ही म्हणत नाहीं. कुलूप कोणत्या दारास आहे तेवढें छापा. आणखी कोणी म्हणतील, लोक घाबरतील. लासलगांवचे कांदे-आंबे २००२ सालीं उभारलेल्या कोबाल्टच्या केंद्रांतून किरणें देऊन बाहेर जातात. तेथील शेतकरी घाबरून पळाल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

एक काम तर सरकारची वाट न पाहतां होण्याजोगें आहे. किरणोत्सर्गाचें नेहमींचें चिन्ह, पिवळ्यावर काळीं तीन पातीं, ज्यास ठाऊक नाहीं त्याला तें विजेच्या पंख्याचें चित्र वाटेल. म्हणून २००७ सालीं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनें अत्यंत धोक्याच्या साधनांसाठीं दुसरें चिन्ह काढलें: तांबड्या त्रिकोणांत वरून येणारीं किरणें, खालीं कवटी, आणि बाजूस पळणारा मनुष्य. हीं दोन्ही चित्रें आमच्या चित्रकलेच्या वर्गांतील मुलें एका तासांत काढतील. तीं काढून हिंगोली, वसमत व नांदेड येथील भंगाराच्या दुकानांत वजनकाट्याजवळ लावावींत, आणि खालीं मराठींत व उर्दूंत लिहावें कीं असें चिन्ह असलेला जड डबा फोडूं नये, घरीं नेऊं नये, दूर उभें राहून पोलिसांस कळवावें.